व्होल्टेज डिव्हायडरला काही जोडलं की व्होल्टेज का पडतं?

कागलकडच्या, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरच्या शेतातल्या पंपाच्या खोलीत १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र बसवायचं आहे, त्यात नोडएमसीयू हा वायफाय असलेला, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आहे. बोर्डाला ५ व्होल्ट हवेत म्हणून तिने ४.७ के आणि ३.३ के (के म्हणजे किलोओहम) असे दोन रेझिस्टर एकामागोमाग लावून मधून व्होल्टेज घेतलं, म्हणजे व्होल्टेज डिव्हायडर केला. मीटरवर ४.९५ व्होल्ट दिसले, पण बोर्ड जोडला की व्होल्टेज दोनच्या आसपास कोसळतं आणि बोर्ड सुरूच होत नाही. मग तिने बोर्ड यूएसबीवर चालवला आणि बॅटरीचं व्होल्टेज वाचायला ३९० के आणि १०० केचा दुसरा डिव्हायडर केला. हिशेब दहादा तपासला, तरी प्रोग्रॅम १२ च्या जागी ९.६ दाखवतो. पुढे पंपाचे तिन्ही फेजही असेच रेझिस्टर लावून मोजायचे आहेत, ते चालेल का?

बाळ, तुझ्या पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. तुझं सूत्र चुकलेलं नाही, ते अपुरं आहे. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्री आणि मशीन शॉपच्या कंट्रोल पॅनेलची कामं करतो. पॅनेलवरचे निम्मे चुकीचे रीडिंग याच कारणाने येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तुझं सूत्र. दोन रेझिस्टर एकामागोमाग जोडले की दोघांतून सारखाच करंट जातो. ४.७ के आणि ३.३ के मिळून ८ के, १२ व्होल्टला करंट १.५ मिलिअँपिअर. हा करंट खालच्या ३.३ केमधून जाताना त्याच्यावर १.५ गुणिले ३.३ म्हणजे ४.९५ व्होल्ट पडतात. म्हणून:

मधल्या बिंदूचं व्होल्टेज = पुरवठा × खालचा रेझिस्टर ÷ (वरचा + खालचा)

पण हा हिशेब करताना आपण एक गोष्ट न बोलता धरून चाललो: मधल्या बिंदूतून बाहेर काहीच करंट जात नाही. वरच्या रेझिस्टरमधून आलेला सगळा करंट खालच्यातूनच जातो. मधल्या बिंदूला तू काहीही जोडलंस, बोर्ड म्हण, बल्ब म्हण, अगदी मीटर म्हण, की करंटला दुसरी वाट मिळते. मग खालचा रेझिस्टर ३.३ केचा राहतच नाही. तो आणि तुझा लोड समांतर होतात, मिळून छोटे होतात, आणि व्होल्टेज पडतं.

प्रत्येक वेळी समांतर काढत बसण्यापेक्षा एक सोपी नजर घे. मधल्या बिंदूवर उभी राहा आणि मागे बघ. तिथून बॅटरी आणि दोन रेझिस्टर असं काही दिसत नाही. दिसते ती एकच ४.९५ व्होल्टची बॅटरी आणि तिच्यासोबत सिरीजमध्ये एक रेझिस्टर. तो केवढा? मूळ बॅटरीच्या जागी नुसती तार आहे असं समज. मग मधल्या बिंदूपासून ग्राउंडला जायला दोन वाटा उरतात, एक ४.७ केची, एक ३.३ केची. दोन्ही समांतर, म्हणजे ४.७ × ३.३ ÷ ८, सुमारे १.९४ के. लिओं थेवनॅं या फ्रेंच टेलिग्राफ अभियंत्याने १८८३ मध्ये हे मांडलं, हेल्महोल्ट्झने त्याआधी १८५३ मध्येच. तुमच्या अभ्यासक्रमात हा सिद्धांत मार्कांपुरता येतो. माझ्या मते पहिल्या वर्षी डिव्हायडर शिकवतात त्याच तासाला तो शिकवायला हवा, कारण त्याच्याशिवाय डिव्हायडर अर्धाच कळतो.

पंचगंगेवरून उपसा केलेल्या पाण्याची लांब पाइपलाइन तू पाहिली असशील. शेवटचा व्हॉल्व्ह बंद असताना तिथल्या गेजवर पूर्ण दाब दिसतो. व्हॉल्व्ह उघडला की दाब पडतो, आणि पाइप जितका बारीक तितका जास्त पडतो. तुझा मीटर हा बंद व्हॉल्व्हवरचा गेज होता आणि १.९४ के हा तुझा बारीक पाइप आहे.

आता आकडे बघ. मधला बिंदू थेट ग्राउंडला टेकवलास तरी तिथून जास्तीत जास्त करंट निघणार ४.९५ भागिले १.९४ के, म्हणजे सुमारे २.५५ मिलिअँपिअर. यापेक्षा एक कणही जास्त नाही. आणि तुझ्या बोर्डावरची ईएसपी८२६६ चिप वायफायवर पाठवताना १७० मिलिअँपिअरपर्यंत मागते. व्होल्टेज बरोबर दिसत होतं, पण मागे ताकद नव्हती.

यावर बहुतेक मुलं म्हणतात, मग रेझिस्टर लहान घेऊ. घेऊन बघू. १०० मिलिअँपिअर द्यायचे आणि व्होल्टेज फार पडू द्यायचं नाही, तर डिव्हायडरमधून त्याच्या दसपट, म्हणजे १ अँपिअर वाहायला हवा. वरचा ७ ओहम, खालचा ५ ओहम. मागून दिसणारा रेझिस्टर २.९ ओहम, १०० मिलिअँपिअरला व्होल्टेज ५ वरून ४.७ वर येईल. चालेल म्हणू. पण वरच्या रेझिस्टरमध्ये ७ वॉट आणि खालच्यात ५ वॉट उष्णता, बोर्ड बंद असला तरी, दिवसरात्र. तुझ्याकडचे पाव वॉटचे रेझिस्टर क्षणात धूर सोडतील. अर्ध्या वॉटच्या कामासाठी बॅटरीतून १२ वॉट उडतील, आणि ७ अँपिअर-तासाची बॅटरी एका रात्रीत रिकामी होईल.

शिवाय १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टवर कधी स्थिर नसते. चार्जिंगला असताना ती १४.४ पर्यंत जाते, उतरल्यावर ११.८ च्या खाली येते. डिव्हायडर फक्त प्रमाण राखतो. बॅटरी १४.४ ला गेली की तुझे ५ व्होल्ट ६ होतील. बोर्डाला पुरवठा द्यायचा तर त्याला रेग्युलेटरच, म्हणजे व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा भागच लागतो, इथे डिव्हायडरचं कामच नाही. ७८०५ हा ५ व्होल्टचा साधा रेग्युलेटर लावलास तर १०० मिलिअँपिअरला तो पाऊण ते एक वॉट उष्णता टाकेल, छोटा हीटसिंक दे म्हणजे निवांत चालेल. पण बॅटरीवरचं काम आहे, तेव्हा एलएम२५९६ चं तयार बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल घे. ते कमी तापतं आणि बॅटरी वाचवतं. बोर्डाला जोडण्याआधी मीटर लावून ते ५ व्होल्टला बसव. मॉड्यूल दुकानातून येतं तेव्हा त्याचं व्होल्टेज कितीवर असेल याचा नेम नसतो, आणि न बघता जोडून बोर्ड जाळलेले मी बरेच बघितलेत.

त्या मॉड्यूलवरचा निळा प्रीसेट (व्होल्टेज बसवायचा स्क्रू) फिरवशील तेव्हा तू खरं तर एक डिव्हायडरच फिरवत असशील. बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजचा एक हिस्सा दोन रेझिस्टरनी काढून चिपच्या फीडबॅक पिनला दिलेला असतो. तो हिस्सा १.२३ व्होल्ट राहील अशा बेताने चिप बाहेरचं व्होल्टेज सांभाळते. लोडचा करंट जातो कॉइल आणि स्विचमधून. डिव्हायडर फक्त चिपला सांगतो की बाहेर किती आहे. डिव्हायडरची खरी जागा ही: व्होल्टेजची बातमी पोचवायची. त्या बातमीसाठी जेवढा करंट लागेल तेवढाच त्याच्याकडून घ्यायचा.

आता तुझं दुसरं कोडं, ९.६ व्होल्टचं. इथे तू काही चालवायला जात नव्हतीस, फक्त वाचत होतीस. मग का चुकलं? कारण वाचणाराही करंट घेतो.

ईएसपी८२६६ चिपची अॅनालॉग पिन फक्त ० ते १ व्होल्ट वाचते. नोडएमसीयू बनवणाऱ्यांनी सोय म्हणून बोर्डावरच २२० के आणि १०० केचा डिव्हायडर लावलेला आहे, म्हणजे बाहेरच्या ए-झिरो पिनवर ३.२ व्होल्टपर्यंत देता येतात. पण त्यामुळे ए-झिरो पिनपासून ग्राउंडपर्यंत ३२० केचा लोड कायमचा बसलेला आहे. तुझा खालचा १०० के आणि हा ३२० के समांतर झाले, ७६.२ के. मग १२ व्होल्टचे २.४५ मिळण्याऐवजी १२ × ७६.२ ÷ ४६६.२, म्हणजे १.९६ मिळाले. प्रोग्रॅमने त्याला ४.९ ने (४९० ÷ १००) गुणलं आणि उत्तर आलं ९.६. एकही सुटा भाग खराब नाही, प्रोग्रॅममध्ये चूक नाही.

मगाचच्या नजरेने बघितलंस तर हे आधीच दिसलं असतं. ३९० के आणि १०० के समांतर, मागून दिसणारा रेझिस्टर ७९.६ के. लोड ३२० के, म्हणजे जेमतेम चौपट. ३२० भागिले ३९९.६ म्हणजे ०.८. वीस टक्के गायब.

पुस्तकात 'लोड मागच्या रेझिस्टरच्या दसपट ठेवा' असा नियम असतो. दसपट लोडला व्होल्टेज अकरावा भाग पडतं, म्हणजे नऊ टक्के. एलईडीचा प्रकाश कमीजास्त करायला ते ठीक आहे. मोजायचं असेल तर मी शंभरपट धरतो, म्हणजे चूक एका टक्क्यावर येते. शंभरपट जमत नसेल तर लोड किती आहे ते नेमकं माहीत करून घे आणि हिशेबातच धर. तुझ्या बाबतीत हाच दुसरा मार्ग सुंदर आहे, कारण लोड माहीत आहे.

तुझा ३९० के आणि १०० के दोन्ही काढून टाक. बॅटरीच्या प्लसपासून ए-झिरोला फक्त एक १.३ मेगचा (मेगओहम, म्हणजे १३०० के) रेझिस्टर लाव. बोर्डावरचे २२० के आणि १०० के त्याचे पुढचे भाऊ झाले. एकूण १६२० के, चिपला दिसतो त्यातला १०० के. म्हणजे प्रमाण १६.२ ला १. बॅटरी १४.४ ला गेली तरी चिपवर ०.८९ व्होल्ट, मर्यादेच्या आत. चिप ० ते १ व्होल्टचे ० ते १०२३ असे आकडे करते, तेव्हा १२ व्होल्टला रीडिंग सुमारे ७५८ यायला हवं. १.३ मेग दुकानात नाही मिळाला तर १ मेग आणि ३३० के सिरीजमध्ये लाव, प्रमाण १६.५ होईल, तेवढं प्रोग्रॅममध्ये बदल. लावण्याआधी बोर्ड पूर्ण बंद ठेवून ए-झिरो आणि ग्राउंडमध्ये मीटरने ओहम मोज. ३२० केच्या आसपास आलं तर तुझ्या बोर्डावर हा डिव्हायडर आहे. फारच वेगळं आलं तर पुढे जाऊ नकोस, आधी त्या बोर्डाचं सर्किट शोध. सगळे बोर्ड सारखे नसतात.

बॅटरी वाचवण्याच्या दृष्टीनेही हे बरं. पहिल्या ४.७ के आणि ३.३ केच्या जोडीतून दीड मिलिअँपिअर सतत जात होता, त्याने ७ अँपिअर-तासाची बॅटरी साडेसहा महिन्यांत नुसती बसून संपली असती. १.३ मेगच्या मांडणीत साडेसात मायक्रोअँपिअर जातो. बॅटरी स्वतःहून जेवढी उतरते त्याच्यापुढे हे काहीच नाही.

मोठ्या रेझिस्टरची किंमतही मोजावी लागते. पंपाची खोली ओलसर असते, आणि आपल्याकडचा पावसाळा तुला सांगायला नको. सोल्डरिंगनंतर बोर्डावर राहिलेला फ्लक्स दमटपणा धरतो आणि त्यातून मेगमेगचे चोरटे रस्ते तयार होतात. ५ केच्या सर्किटला ते कळतही नाहीत, १.३ मेगच्या सर्किटचं रीडिंग मात्र सकाळ-दुपार बदलायला लागतं. सोल्डरिंग झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धू, वाळव, आणि वर वार्निशचा थर दे.

दुसरं, मीटरही लोडच आहे. साधारण डिजिटल मल्टिमीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेग असतो. १ मेग आणि १ मेगचा डिव्हायडर १२ व्होल्टवर लावून मध्ये मोजलंस तर ६ नाही, ५.७१ दिसतील. जुन्या काट्याच्या मीटरवर, जो व्होल्टला २० के ओहमचा असतो, १० व्होल्टच्या रेंजवर त्याच ठिकाणी १.७ दिसतील. ६ च्या जागी १.७! जुन्या मिस्त्रींनी 'इथे व्होल्टेजच नाही' म्हणून चांगले बोर्ड बाजूला टाकल्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. म्हणून तुझ्या नव्या सर्किटवर ए-झिरोला मीटर लावून बॅटरीचं रीडिंग तपासू नकोस, मीटर लावताच तेही थोडं हलेल. मीटर थेट बॅटरीवर लाव आणि प्रोग्रॅमच्या आकड्याशी ताडून बघ.

ताडायचं का, ते सांगतो. शिसे-आम्लाची बॅटरी विश्रांतीत १२.७ ला भरलेली आणि ११.८ ला रिकामी, सगळा खेळ ०.९ व्होल्टात आहे. पाच टक्क्यांचे रेझिस्टर घेतले आणि नशिबाने एक वर, एक खाली निघाला, तर तुझ्यासारख्या प्रमाणाला आठ-नऊ टक्क्यांपर्यंत चूक येऊ शकते, म्हणजे १२ व्होल्टला एक व्होल्ट. भरलेली बॅटरी रिकामी दिसेल. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर घे, किमतीत फरक नगण्य आहे. तरी चूक दोन-अडीच दशांश व्होल्टाची राहते, बोर्डावरच्या रेझिस्टरचीही त्यात भर. म्हणून शेवटी मीटरवर जे व्होल्टेज येईल त्याला प्रोग्रॅमने दाखवलेल्या व्होल्टेजने भाग, आलेल्या गुणकाने १६.२ ला गुण आणि ते उत्तर प्रोग्रॅममध्ये १६.२ च्या जागी टाक. असं एकदा केलं की ही चूक जवळजवळ पुसली जाते.

ए-झिरो आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर लाव. चिपच्या आत वाचण्याआधी एक इवलासा कपॅसिटर भरला जातो, आर्डुइनोवरच्या एटीमेगा३२८पी मध्ये तो १४ पिकोफॅरडचा असतो. मोठ्या रेझिस्टरमधून तो वेळेत भरत नाही आणि रीडिंग कमी येतं. म्हणूनच त्या चिपचे बनवणारे १० केपेक्षा लहान स्रोत द्या असं सांगतात. पिनला थेट लावलेला १०० नॅनोफॅरड त्याच्या हजारो पट मोठा, तो एका झटक्यात आतल्याला भरून देतो आणि स्वतः हळूहळू परत भरतो. तुझ्या बोर्डावर मध्ये २२० के असल्याने हा फायदा पूर्ण मिळणार नाही, पण रीडिंगची थरथर कमी होईल. बॅटरीचं व्होल्टेज काही क्षणात बदलत नाही, तेव्हा या संथपणाचा तोटा नाही. जलद बदलणारा सिग्नल असता तर मात्र विचार करावा लागला असता.

आणि झेनर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड, लावू नकोस. 'पिन वाचवायला ३.३ चा झेनर टाका' हा सल्ला तुला कुणीतरी देईलच. कमी व्होल्टेजचे झेनर ठरलेल्या व्होल्टेजच्या बरेच आधीपासून थोडा थोडा करंट गळवतात. मायक्रोअँपिअरच्या तुझ्या सर्किटला ती गळती म्हणजे आणखी एक लोड, रीडिंग वाकडं होणारच. तुझा १.३ मेगच पिनचं रक्षण करतो: काँटॅक्टर (मोटरचा चुंबकी स्विच) सुटताना १०० व्होल्टचा झटका आला तरी त्यातून ७७ मायक्रोअँपिअरच जातील.

डिव्हायडरचा एक रेझिस्टर म्हणून सेन्सर लावला की तो खरा कामाचा होतो, आणि तिथेही लोक सवयीने एकच आकडा लावतात. गुऱ्हाळाचं उदाहरण घे. काहिलीतला रस गुळाला यायची वेळ ११८ ते १२० अंशांच्या आसपास. गुळव्या ती नजरेने आणि पाण्यात टाकलेल्या गोळीने ओळखतो, पण तापमान मोजायला एनटीसी थर्मिस्टर (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) लावायचा म्हटलं तर दुकानात १० केचा मिळतो आणि इंटरनेटवरची सगळी सर्किटं त्याच्यासोबत १० केचाच रेझिस्टर दाखवतात. ते १० के २५ अंशांना असतात. बीटा (तापमानाने किती बदलतो ते सांगणारा आकडा) ३९५० असलेला थर्मिस्टर १२० अंशांना सुमारे ४०७ ओहमवर येतो. १० केसोबत, ३.३ व्होल्टवर, एका अंशाला फरक पडतो साधारण ३ मिलिव्होल्ट, म्हणजे दहा बिटांच्या वाचनाची एकच पायरी. तेच १० केच्या जागी ४७० ओहम लावला की एका अंशाला २१ मिलिव्होल्ट. सेन्सर तोच, फक्त रेझिस्टर बदलला आणि सातपट बारीक दिसायला लागलं. जिथे मोजायचंय तिथे सेन्सरचा जेवढा रेझिस्टन्स असेल, साधारण तेवढाच दुसरा रेझिस्टर ठेवला की डिव्हायडर सर्वांत जास्त हलतो. फक्त एवढ्या लहान रेझिस्टरला थर्मिस्टरमधून पावणेचार मिलिअँपिअर जातो आणि तो स्वतः तापतो. त्याला कायम पुरवठा देऊ नकोस, एका पिनवरून वाचण्यापुरताच दे. आणि काचेत बंद केलेला थर्मिस्टर घे, साधे एपॉक्सीचे १२५ अंशांच्या जवळ फार दिवस टिकत नाहीत.

तुटलेल्या तारेबद्दलही सांगायलाच हवं, कारण यात माणसाला इजा होऊ शकते. उद्यमनगरात, शिरोलीत कुठल्याही शॉपमध्ये ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालणारी मोटर बघ. वेग कमीजास्त करायला दाराच्या बाहेर एक पॉट असतो, तीन तारांचा. एका टोकाला १० व्होल्ट, दुसऱ्याला ग्राउंड, मधल्या तारेवर वेगाचा हुकूम. पॉट म्हणजे सरकता मधला बिंदू असलेला डिव्हायडर. मधली तार तुटली तर ड्राइव्हला बहुधा शून्य दिसतं आणि मोटर थांबते. पण ग्राउंडची तार तुटली तर खालचा रेझिस्टर गायब होतो, करंटला जायला वाट राहत नाही, वरच्यावर काहीच पडत नाही आणि मधल्या तारेवर जवळपास पूर्ण १० व्होल्ट येतात. पॉट शून्याजवळ असला तरी मोटर पूर्ण वेगाने सुटते. म्हणून कोणताही डिव्हायडर मांडताना स्वतःला विचार: खालचा तुटला तर काय होईल? तुझ्या मांडणीत तुटण्याची शक्यता असलेला भाग आहे तो वरचा १.३ मेग आणि त्याची तार. तो तुटला तर रीडिंग शून्य येईल. तेव्हा प्रोग्रॅममध्ये ५ व्होल्टच्या खालचं रीडिंग 'बॅटरी संपली' असं न मानता 'तार तपासा' असं दाखव.

दोन डिव्हायडर समोरासमोर ठेवले की व्हीटस्टन ब्रिज होतो. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली चढते तेव्हा खाली लोड सेलमध्ये हेच असतं: ३५० ओहमचे चार स्ट्रेन गेज (ताण पडला की रेझिस्टन्स बदलणाऱ्या पट्ट्या), दोन-दोनच्या दोन जोड्या. १० व्होल्ट दिले की दोन्ही मधल्या बिंदूंवर ५-५ व्होल्ट, फरक शून्य. व्होल्टला २ मिलिव्होल्ट अशा सेलवर पूर्ण क्षमतेचं वजन आलं की प्रत्येक गेज फक्त ०.७ ओहमने बदलतो आणि दोन बिंदूंत २० मिलिव्होल्टचा फरक पडतो. ५ व्होल्टच्या डोंगरावर २० मिलिव्होल्ट शोधणं एका डिव्हायडरला जमलं नसतं. दोघांची वजाबाकी केली की तो डोंगरच निघून जातो. शेतकऱ्याच्या उसाचं बिल या ०.७ ओहमवर ठरतं, म्हणून सेलच्या केबलमध्ये मध्येच जोड देऊ नये असं काट्याचे लोक जीव तोडून सांगतात.

आता तुझा तिसरा प्रश्न, तीन फेजचा. नको. स्पष्ट सांगतो, रेझिस्टरचा डिव्हायडर मेनवर, म्हणजे थेट विजेच्या लाइनवर, लावू नकोस.

हिशेबाने तो जमतो, अडचण दुसरीच आहे. पाव वॉटच्या रेझिस्टरला साधारण २५० व्होल्टची मर्यादा असते. २३० व्होल्टची शिखरं ३२५ पर्यंत आणि दोन फेजमधली ४१५ ची शिखरं ५८७ पर्यंत जातात. रेझिस्टर तापला नाही तरी आतून फुटू शकतो. आणि त्याहून मोठी गोष्ट, डिव्हायडर व्होल्टेज कमी करतो, पण तुला आणि मेनला वेगळं करत नाही. तुझ्या बोर्डाचं ग्राउंड न्यूट्रलला जोडलेलं असेल. शेतातल्या लाइनवर न्यूट्रल तुटणं किंवा तारा उलट्या जोडल्या जाणं नवीन नाही. त्या दिवशी तुझा अख्खा बोर्ड फेजच्या व्होल्टेजवर जाईल, आणि तू ओल्या खोलीत लॅपटॉपची यूएसबी वायर हातात घेऊन उभी असशील.

व्होल्टेज मोजायचं तर प्रत्येक फेजला झेडएमपीटी१०१बी सारखं ट्रान्सफॉर्मर असलेलं मॉड्यूल वापर. तुझ्या चिपला अॅनालॉग पिन एकच आहे आणि ती बॅटरीने घेतली, म्हणून सोबत एडीएस१११५ हे अॅनालॉग वाचणारं वेगळं मॉड्यूल लाव, त्याला चार चॅनेल आहेत. फेज आहे की नाही एवढंच कळायला हवं असेल तर तीन ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारे भाग) पुरतात. मेनच्या बाजूची जोडणी मात्र पंपाचं काम करणाऱ्या जाणत्या वायरमनकडून करून घे, मेन स्विच काढून.

पण घरी मोटर एका फेजवर जळते म्हणून हे सगळं करत असशील, तर व्होल्टेजवर एकट्याने विसंबू नकोस. मोटर फिरत असताना एक फेज गेला तर ती मोटरच त्या मेलेल्या तारेवर व्होल्टेज तयार करून ठेवते, बऱ्यापैकी मोठं. मीटरला तिन्ही फेज हजर दिसतात आणि वाइंडिंग आत भाजत असतं. फेज गेल्याचं खरं लक्षण त्या तारेतला करंट शून्य होणं आणि उरलेल्या दोन तारांतला वाढणं हे आहे. तेव्हा तीन करंट ट्रान्सफॉर्मर (तारेभोवती बसून करंट मोजणारे) घे आणि करंट मोज. त्यांच्या टोकांना समांतर एक बर्डन रेझिस्टर लागतो, ज्यावर करंटचं व्होल्टेज होतं, तो मॉड्यूलमध्येच आहे का ते आधी बघून घे. मोटर चालू असताना करंट ट्रान्सफॉर्मरची टोकं उघडी ठेवायची नसतात, त्यांवर धोकादायक व्होल्टेज चढतं. पंपाचा अश्वशक्तीचा आकडा आणि मोटरच्या नेमप्लेटवरचे अँपिअर लिहून कळव, कोणता करंट ट्रान्सफॉर्मर आणि किती ओहमचा बर्डन ते काढून देतो.